रात्रीचे राजे आणि त्यांची अलिखित पोथी

सावंतवाडी, वेंगुर्ले, कुडाळ आणि मालवण ह्या तालुक्यांतून, तसेच तेरेखोल नदीपलीकडच्या पेडणे महालातून, कार्तिकापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत गावोगावच्या ग्रामदेवतांच्या जत्रांत रात्रभर जे नाटक चालते, त्याची संहिता कोणाच्याही दप्तरी नाही. राजाने प्रधानाला कोणत्या शब्दांत आज्ञा करावी, वनवासात टाकलेल्या राणीने कसा विलाप करावा, मरणाऱ्या राक्षसाने देवाशी शेवटचा वाद कोणता घालावा, हे कागदावर उतरवून ठेवण्याची गरज ह्या रंगभूमीला कित्येक पिढ्या भासली नाही. आणि तरीही दशावतार अखंड उभा राहत आला, ह्याचे कारण असे की त्याची पोथी वृद्धांच्या स्मरणात आणि मुलांच्या कानांत अशी दोन ठिकाणी वाटून ठेवलेली होती, व ही दोन्ही माणसे एका रात्री एकाच मंडपात बसल्यावाचून ती पुरी होत नसे. दशावताराच्या वेषभूषेवर, नृत्यावर आणि त्याच्या कर्नाटकातील नातलगांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्याचा इतिहास एका निराळ्या अंगाने पाहावयाचा आहे: एका गावातील आजे, बाप आणि नातवंडे ह्यांना वर्षातून एकदा एकत्र जागवणारी ही संस्था कशाच्या आधाराने चालली आणि तो आधार कोठे कोठे सुटत गेला.

जत्रेचा क्रम प्रथम सांगितला पाहिजे, कारण नाटक त्या क्रमातच बसलेले आहे. सायंकाळी देवीची ओटी भरण्यासाठी माहेरवाशिणींची रांग लागते. देवळाबाहेर खाज्याची, चण्याफुटाण्यांची, खेळण्यांची आणि फुलांच्या वेण्यांची दुकाने मांडलेली असतात, आणि जत्रा शिशिराच्या अखेरीस असेल तर सुरंगीच्या वळेसरांचा वास देवळाच्या पायऱ्यांपर्यंत येतो. मग गावकर किंवा गुरव देवासमोर उभा राहून गाऱ्हाणे घालतो, आणि गावात राहणाऱ्यांबरोबर परमुलखात चाकरीला गेलेल्यांचे, जन्मलेल्यांबरोबर आजाऱ्यांचे, असे सर्वांचे रक्षण मागत असता प्रत्येक वाक्यामागे जमलेला समुदाय ‘व्हय महाराजा’ म्हणून रुकार देतो. पालखी देवळाभोवती प्रदक्षिणा घालते, तिच्या मुक्कामांवर भजने होतात, आणि हे सर्व आटोपेपर्यंत मध्यरात्र उलटून गेलेली असते. त्यानंतर दशावतारी उभे राहतात. पहाटे, आख्यान संपल्यावर, दहीहंडी फुटते, काल्याचा प्रसाद वाटला जातो, आणि मगच जत्रा पुरी झाली असे मानतात. म्हणून ह्या भागात जत्रेला दहीकाला हेच नाव रूढ आहे. नाटक हे येथे देवकार्याचा एक विधी होते, करमणूक म्हणून शेवटी जोडलेले शेपूट नव्हते, आणि विधी असल्यामुळेच त्याला घरातील प्रत्येकाने हजर राहावयाचे असे. निजलेले मूल आईच्या मांडीवर, जागे मूल आजोबांच्या पुढ्यात, आणि चटईचा कोपरा शेजाऱ्यासाठी राखलेला, अशी ती बैठक असे.

नाटकाचे दोन भाग पडतात. पहिल्याला आड-दशावतार म्हणतात. सूत्रधार येतो, ऋद्धिसिद्धींसह गणपती येतो, मोरावर बसलेली सरस्वती येऊन नाचते, एक ब्राह्मण विनोदी संवाद करून जातो, आणि मग सबंध काळ्या वेषातला, डोक्यावर उंच निमुळती टोपी घातलेला, तोंडावर लाल जीभ लोंबणारा संकासुर येतो. ब्रह्मदेवाचे वेद चोरून समुद्रात लपलेला जो शंखासुर मत्स्यावतारात मारला गेला, तोच हा. दहा अवतारांपैकी ह्या एकाचेच सविस्तर दर्शन घडते, आणि नाव मात्र दहांचे राहिले आहे. गंभीर पात्रे संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात, संकासुर मात्र अस्सल मालवणीत बोलतो, गावातल्या माणसांची नावे घेऊन त्यांच्या खोड्या काढतो, आणि लहान मुले प्रथम त्याला भिऊन मग त्याच्याच बोलण्याने हसू लागतात. रत्नागिरीच्या उत्तर भागात शिमग्याच्या खेळ्यांतही असाच काळ्या वेषातला संकासुर हिंडतो, ह्यावरून हे पात्र दशावताराहून अधिक विस्तृत अशा लोकपरंपरेतले आहे हे उघड होते. आड-दशावतार संपल्यावर रात्रीचे मुख्य आख्यान लागते. त्यासाठी पडदे नसत, नेपथ्य नसे. एक लाकडी बाकडे तेवढे असे, तेच सिंहासन, तेच पर्वताचे शिखर, तोच रथ. पेटी, पखवाज आणि झांज ह्या तीन वाद्यांवर राजा गिरकी घेऊन प्रवेश करी आणि बाकड्यावर पाय ठेवून उभा राही, तेव्हा मशालीच्या आणि पुढे गॅसबत्तीच्या उजेडात ते बाकडे कोणालाही बाकडे दिसत नसे.

ही परंपरा येथे केव्हा आली? आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे ह्यांनी ती अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्नाटकातून कोकणात आणली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते, आणि यक्षगानाशी असलेले तिचे साम्य पाहता कर्नाटकाशी काही देवाणघेवाण झाली असणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु ही कथा जशीच्या तशी घेता येत नाही. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात रचलेल्या दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख आहे, आणि तोही असा की, त्या खेळात येणाऱ्या सुंदर नारी प्रत्यक्षात धट्टेकट्टे पुरुष असतात ही गोष्ट श्रोत्यांना ठाऊक आहे हे गृहीत धरून समर्थ तिचा दृष्टांत देतात. ज्या खेळाचा दृष्टांत द्यावयास त्याचे वर्णन करावे लागत नाही, तो खेळ त्या काळी महाराष्ट्रात चांगलाच परिचित असला पाहिजे. म्हणून काळे ह्यांनी जे आणले ते बहुधा विशिष्ट वळण होते, मूळ वस्तू नव्हे, असे मला वाटते. पुढे 1842 साली कर्नाटकातील कर्की गावची भागवत मंडळी सांगलीस आली, तिचा खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत करण्याची आज्ञा केली, आणि 1843 साली ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले, ही हकीकत मराठी नाट्येतिहासाच्या पहिल्या पानावर असते. भाव्यांच्या नाटकांतही आरंभी सूत्रधार, विदूषक, गणपती आणि सरस्वती येत. म्हणजे ज्या पूर्वरंगावर आपल्या नागर रंगभूमीचा पाया रचला गेला, तोच पूर्वरंग कोकणातल्या देवळांत कित्येक पिढ्यांपासून दर हिवाळ्यात होत होता, आणि त्याचे कर्ते कोणत्याही इतिहासात नावाने आले नाहीत.

दशावतारी मंडळी गावाच्या नावाने ओळखल्या जात: वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आजगावकर, खानोलकर, चेंदवणकर. कोणत्या देवळाची जत्रा कोणत्या मंडळीने करावयाची ही वहिवाट ठरलेली असे, व ती वडिलांकडून मुलाकडे वतनासारखी चालत येई. सावंतवाडीच्या भोसले संस्थानाच्या अंमलात देवस्थानांना जी इनामे आणि नेमणुका होत्या, त्यांवर देवळांचे उत्सव चालत, आणि उत्सव चालला की दशावतारी मंडळींची बिदागी, तांदूळ आणि नारळ ठरल्या मामुलाप्रमाणे मिळे. ही प्राप्ती अल्प असे. नटांपैकी बहुतेक जण शेतकरी, मजूर किंवा कारागीर. पावसाळ्यात भाताची लावणी करून कार्तिकात पेटारा उचलणारे. बांबूच्या कामट्यांनी विणलेला हा पेटारा म्हणजे मंडळीचे देवघरच. त्यात गणपतीचा लाकडी मुखवटा, मुकुट, शस्त्रे आणि वस्त्रे एकत्र असत. प्रयोगापूर्वी त्याची पूजा होई, आणि एका गावची जत्रा आटोपली की तो डोक्यावर घेऊन मंडळी डोंगर उतरून पुढच्या गावी जाई. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, ही म्हण ह्या व्यवसायातूनच निघाली आणि आजही कोकणात सर्वतोमुखी आहे. ज्याने रात्रभर हरिश्चंद्राचे ऐश्वर्य आणि दैन्य दोन्ही भोगून दाखवले, त्याच्याच मस्तकावर सकाळी ते ऐश्वर्य पेटाऱ्यात बंद होऊन वजनाने बसलेले असे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. संहिता नसताना हे नट बोलत काय आणि शिकत कसे? प्रयोगाच्या आधी रंगपटात, म्हणजे तोंडे रंगवीत असताना, मंडळीतील नाईक किंवा दुसरा वडील नट त्या रात्रीचे आख्यान सांगे. कोणता राजा, त्याला किती राण्या, कोणाचा मत्सर कोणाला, युद्ध कोणत्या प्रसंगावरून, देव कोणत्या क्षणी प्रकट व्हावयाचा, एवढी चौकट तो घालून देई आणि पात्रांची वाटणी करी. पुढचे शब्द ज्याचे त्याने, उभे राहिल्यावर, समोरच्याचे ऐकून योजावयाचे. नवख्या मुलाला ह्या पद्धतीत फार मोठा आधार मिळे, कारण त्याच्या समोर उभा असलेला अनुभवी नट त्याच्या तोंडी जे येणे इष्ट आहे ते प्रश्नाच्या रूपाने त्याच्यापुढे ठेवी: प्रधाना, आपल्या नगरीत दुष्काळ पडल्याची वार्ता तू ऐकली आहेस काय, असे राजाने विचारले की प्रधानाला काय बोलावयाचे ते कळून चुके. चुकलेल्या वाक्याला वडीलधारा नट आपल्या वाक्याने सावरून घेई आणि प्रेक्षकांना चूक समजू न देता शिष्याला समजू देई. हे शिक्षण भर रंगभूमीवर, देवासमोर आणि गावासमोर चाले. आणि म्हणूनच एकाच वयाच्या नटांची मंडळी ही ह्या परंपरेत कल्पनाच करता येत नाही.

एकेका नटाचे आयुष्य ह्या व्यवस्थेत वयोमानाप्रमाणे पुढे सरके. रोहिदास, प्रल्हाद, ध्रुव, लव आणि कुश ह्यांच्या आख्यानांना लहान मूल लागतेच; मंडळीतल्या एखाद्या नटाचा सात-आठ वर्षांचा मुलगा त्या निमित्ताने प्रथम तोंडाला रंग लावी. आवाज फुटेपर्यंत आणि नंतरही चेहऱ्यावर कोवळेपण असेपर्यंत त्याने स्त्रीपार्टी करावयाची: दासी, मग राजकन्या, मग पतिव्रता. देह भरल्यावर राजपार्ट किंवा राक्षसपार्ट. उतारवयात ऋषी, वृद्ध राजा, ब्राह्मण; आणि शेवटी पाय साथ देईनासे झाले की पेटीजवळ बसून पदे म्हणणे आणि रंगपटात आख्यान लावणे. सीतेचे दुःख ज्याने विसाव्या वर्षी स्वतः बोलून दाखवले, तो चाळिसाव्या वर्षी राम होऊन तिच्यासमोर उभा राही, तेव्हा समोरच्या पोराच्या मनात कोणता शब्द अडला आहे हे त्याला आतून ठाऊक असे. एका आयुष्यात सर्व वयांच्या आणि दोन्ही लिंगांच्या भूमिकांतून गेलेला माणूस जे शिकवू शकतो, ते कोणत्याही शिक्षणक्रमात बसवणे कठीण आहे. नेरूरच्या कलिंगण घराण्यात बाबी कलिंगण, लोकराजा म्हणून ख्याती पावलेले त्यांचे पुत्र सुधीर आणि त्यांचे पुत्र सिद्धेश अशा तीन पिढ्या लागोपाठ राजवेषात उभ्या राहिलेल्या कोकणाने पाहिल्या आहेत. आणि अशी उदाहरणे आणखीही आहेत, मात्र त्यांची नावे त्यांच्या पंचक्रोशीबाहेर गेली नाहीत.

तथापि केवळ नटांच्या घराण्यांनी ही कला राखली असे म्हणणे अपुरे होईल. नट शब्द योजत होते, पण कथा आणि भाषा कोठून आणत होते? येथे एका दुर्लक्षित दुव्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. श्रीधरस्वामींचे हरिविजय, रामविजय आणि पांडवप्रताप हे तीन ग्रंथ अठराव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात सिद्ध झाले, आणि पुढच्या काळात महाराष्ट्रातल्या क्वचितच एखाद्या गावी चातुर्मासात त्यांपैकी एखाद्याचे वाचन झाले नसेल. त्यांच्या जोडीला शिवलीलामृत आणि पुढे नवनाथ भक्तिसार आले. कोकणात पावसाच्या चार महिन्यांत, शेतीची कामे उरकल्यावर, देवळात किंवा कोणाच्या ओटीवर पोथी लागे. वाचता येणारा एक जण वाची, वृद्ध माणसे मध्येच थांबवून अर्थ सांगत, आणि मुले दिव्याभोवती झोपेपर्यंत ऐकत. दशावताराची आख्याने बव्हंशी ह्याच ग्रंथांतली. म्हणजे श्रावणात आजोबांच्या तोंडून ऐकलेली बभ्रुवाहनाची कथा मुलाला मार्गशीर्षात डोळ्यांपुढे उभी दिसे, आणि ज्या नटाला स्वतःला अक्षर वाचता येत नसे त्याच्याही कानांत श्रीधराच्या ओव्यांची शब्दसंपत्ती साठलेली असे. शेतात मालवणी बोलणारा माणूस रात्री ‘हे प्राणप्रिये, तुझ्या मुखकमलावर ही म्लानता का?’ अशा भाषेत अर्धा तास अस्खलित बोले, ह्याचे शहरी पाहुण्यांना नवल वाटे; पण त्या भाषेची शाळा त्याच्या गावात दर पावसाळ्यात भरत होती. पोथी आणि नाटक ही एकाच व्यवस्थेची पावसाळी आणि हिवाळी अंगे होती. आज दशावतार टिकवण्याविषयी जी चर्चा होते, तीत पोथीवाचनाचा उल्लेख नसतो, ही मला मोठी उणीव वाटते.

प्रेक्षकही ह्यामुळे निव्वळ पाहणारा राहत नसे. पुढे बसलेल्या वृद्धाला वंशावळी पाठ असे. एखाद्या नटाने कुंतीच्या तोंडी माद्रीची हकीकत घातली, किंवा शाप देणाऱ्या ऋषीचे नाव चुकवले, की दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात त्याची गाठ घेऊन ती चूक त्याच्या पदरात घातली जाई. आणि ह्या टीकेला नट भीत, कारण पुढच्या वर्षी तोच वृद्ध त्याच जागी बसणार आहे हे त्याला ठाऊक असे. लहान मुले आजोबांना विचारत: हा कोण, त्याने ह्याला का मारले? ती कुजबूज रात्रभर मंडपात चाले आणि तिला कोणी हटकत नसे. पुढचे काही दिवस घराच्या खळ्यात पंचाचा शेला आणि माडाच्या पिढ्याची तलवार करून पोरांचा दशावतार रंगे, आणि त्यातला एखादा पोर पुढे खरोखरच पेटाऱ्यामागे चालू लागे.

ह्या व्यवस्थेत सर्व काही निर्दोष होते असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. देवळातील मान आणि बसण्याच्या जागा जातींच्या उतरंडीप्रमाणे ठरलेल्या होत्या. ज्यांचा स्पर्श वर्ज्य मानला जाई त्यांना ही नाटके दुरून, पटांगणाच्या कडेने पाहावी लागली. स्त्रियांचे दुःख रात्रभर पुरुषांनी बोलून दाखवले, आणि ज्या स्त्रिया ते ऐकून डोळे पुसत त्यांना स्वतः ते बोलण्याची मुभा नव्हती. मानपानाच्या कज्ज्यांपायी देवळांचे उत्सव अडून राहिल्याची, फिर्यादी कोर्टात वर्षानुवर्षे पडून राहिल्याची उदाहरणे कोकणात हवी तितकी मिळतील, आणि ज्या गावात भावकी फुटली तेथे मंडपात पिढ्या एकत्र बसण्याऐवजी दोन तट पाठ फिरवून बसले. ही बाजू झाकून परंपरेचे गुणगान करणाऱ्यांनी परंपरेचे हित केले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या गोष्टीने माणसे जोडली तिनेच काहींना दूर ठेवले, हे मान्य केल्यावरच ती आज कोणासाठी आणि कशी चालवावी ह्याचा विचार करता येतो.

पेडण्याची हकीकत थोडी निराळी आहे. हा महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून 1788 साली पोर्तुगिजांकडे गेला. ज्या जुन्या काबिजादींत, म्हणजे तिसवाडी, बारदेश आणि साष्टीत, सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली व हिंदूंच्या सार्वजनिक विधींवर बंदी आली, त्यांच्या मानाने अठराव्या शतकात मिळवलेल्या नव्या काबिजादींत देवळे आणि उत्सव शाबूत राहिले. राज्य बदलले, सरहद्दीवर जकातीची चौकी आली, सरकारी कामाची भाषा पोर्तुगीज झाली. पण जत्रेच्या रात्री तेरेखोल ओलांडून दशावतारी मंडळी येत राहिली, आणि नदीच्या दोन्ही काठांवरची सोयरीक असलेली घरे त्या निमित्ताने एकमेकांच्या ओटीवर उतरत राहिली. 1961 साली गोवा मुक्त होईपर्यंतच्या जवळजवळ पावणेदोनशे वर्षांत, जेथे मराठी शाळा विरळ होत्या अशा गावांत, उंच मराठी भाषा ऐकण्याची सामान्य माणसाची जागा कीर्तन, भजन आणि काला हीच होती. गोव्यातील नाट्यवेडाचे मूळ शोधणाऱ्याने ह्या देवळांपासून आरंभ केला पाहिजे.

संस्थाने 1948 साली विलीन झाली तेव्हा सावंतवाडी दरबारचा आश्रय संपला; तरी दशावताराला खरा धक्का त्यापूर्वीच, आणि फार हळूहळू, मुंबईकडून बसला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गिरण्यांनी कोकणातले तरुण हात ओढून नेले. वेंगुर्ले आणि मालवणच्या बंदरांतून बोटीवर चढलेला मुलगा परळ-लालबागच्या खोलीत वीस जणांत झोपू लागला, आणि गावात आजे आणि नातवंडे उरली, मधली पिढी नाहीशी झाली. येथे एक गोष्ट मात्र विशेष घडली. ह्या चाकरमान्यांनी गणपती, शिमगा आणि आपल्या ग्रामदेवतेची जत्रा ह्यांसाठी रजा राखून ठेवली. गिरणीतला खाडा पत्करला, पण दहीकाला चुकवला नाही. मध्यरात्री मंडपात बाप, मुलगा आणि आजोबा एकत्र बसण्याचा प्रसंग कित्येक घरांत वर्षातून तेवढाच येई. त्यांनी पाठवलेल्या मनिऑर्डरींवर देवळांचे जीर्णोद्धार झाले, मंडळींना नवे मुकुट मिळाले, आणि पुढे परळच्या दामोदर सभागृहात दशावताराचे प्रयोग होऊ लागले, तेव्हा समोर बसलेल्या प्रेक्षकांत मुंबईत जन्मलेली, मालवणी समजणारी पण बोलताना संकोचणारी मुले होती. 1982 च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपाने ह्यांतली पुष्कळ घरे उद्ध्वस्त केली. काही कुटुंबे गावी परतली, आणि परतलेल्या तरुणांतले काही पेटाऱ्यामागे लागले, असे जाणकार सांगतात. ह्या दुव्याचा अभ्यास कोणीतरी करावयास हवा.

अलीकडच्या बदलांविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण ते सर्वांच्या डोळ्यांपुढे आहेत. जत्रेबाहेरचे तिकीट लावून होणारे प्रयोग वाढले, आख्यान दोन-अडीच तासांत आटोपू लागले, विजेच्या करामतींनी अग्नी आणि नाग दाखवले जाऊ लागले, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याच्या नियमाने नाटकाची वेळच अलीकडे ओढली. आड-दशावताराला त्यामुळे कात्री लागली, आणि संकासुर ज्या मुलांनी पाहिलेलाच नाही अशी एक पिढी वाढत आहे, ह्याचे मला वाईट वाटते; ट्रिकसीनवर टीका करणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही, कारण मशाल जाऊन गॅसबत्ती आली तेव्हाही हेच बोलले गेले असले पाहिजे. स्वागतार्ह गोष्ट म्हणजे सिंधुदुर्गात आता केवळ स्त्रियांच्या दशावतारी मंडळी उभ्या राहिल्या आहेत, आणि राजाच्या गिरकीत, तलवारीच्या फेकीत त्या कोठेही उण्या पडत नाहीत. ज्या आजीने आयुष्यभर मंडपात बसून पुरुषांची सीता पाहिली, तिची नात आता रामाचा मुकुट बांधते, आणि गंधाचा टिळा कोणत्या बाजूने कसा ओढावा हे तिला त्याच गावचा एखादा थकलेला राजपार्टी शिकवतो.

जत्रेतले प्रयोग आता भ्रमणध्वनीवर टिपले जातात आणि दुबईत किंवा डोंबिवलीत बसलेला माणूस तेच आख्यान घरी पाहतो. त्याने लोकांचा ओढा टिकला आहे, हे नाकारू नये. कित्येक जुन्या नटांचे आवाज त्यामुळेच राहिले, आणि पंचवीस वर्षांपूर्वी गेलेल्यांचे मात्र राहिले नाहीत. पण शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ह्या चित्रफितीत एक न्यून आहे. ती पाहून त्याला दुसऱ्याची वाक्ये पाठ होतात, आणि हल्ली काही तरुण नट एखाद्या गाजलेल्या राजाचे संवाद शब्दशः म्हणतातही. मात्र समोरच्या नटाने त्या संवादात नसलेला प्रश्न विचारला की ते गप्प होतात. अलिखित नाटक लिखित होत चालले आहे, आणि तेही कोणाच्या लेखणीविना. ह्यावर उपाय जुन्या मंडळींना माहीत आहे व तो खर्चाचाही नाही. सांगणारे वृद्ध नट अजून गावोगाव आहेत, त्यांना रंगपटात मानाने बसवावे, आणि प्रयोगापूर्वीचा तास नवख्यांनी मोबाईल बाजूला ठेवून त्यांच्यापाशी घालवावा. ज्या मंडळीत आजही आख्यान लावण्याचे काम वडीलधाऱ्याकडे आहे, तिच्यातल्या पोराला ऐन वेळी अनोळखी प्रश्न आला तरी उत्तर सुचते, हा भेद एका जत्रेत दोन मंडळींचे खेळ लागोपाठ पाहणाऱ्या कोणाच्याही सहज ध्यानात येईल.